इंजिनाचं ऑइल वाढतंय आणि ट्रॅक्टर रानात बंद पडतोय? आधी फीड पंपाचा डायफ्राम बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी मॅसी १०३५, रोटरी पंपाची (म्हणजे नोजलना जोरानं डिझेल पुरवणारा मोठा पंप). नांगराला जोडली की अर्ध्या-पाऊण तासात डिझेल संपल्यासारखी मरगळते आणि बंद पडते. एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढली की चालू होते, थोड्या वेळानं पुन्हा तेच. त्यात आठवड्याभरात इंजिनाच्या ऑइलची पातळी काडीवर बोटभर वर चढलीय आणि ऑइलला डिझेलचा वास येतोय. गावच्या मिस्त्रींनी "पंप उतरवा, कॅलिब्रेशनला पाठवू" असं सांगितलंय. पाठवावा का?

दादा, एवढ्यात पाठवू नका. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच जागी येऊन मिळतात आणि ती जागा रोटरी पंपाच्या अलीकडं आहे. टाकीतलं डिझेल पुढं ढकलणारा जो छोटा फीड पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला असतो, त्याच्या पोटातला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटलाय असं मला लक्षणांवरून दिसतं. किटला दोन-तीनशे रुपये पडतात आणि काम घरच्या अंगणात अर्ध्या दिवसात होतं. रोटरी पंप उतरवला की मात्र टायमिंगची खूण जुळवण्यापासून सगळं आलं, आणि खर्च हजारांत जातो.

पण हे सगळं वाचायच्या आधी उठा आणि टाकीखालचा कॉक बंद करून या. आणि हे ऑइल बदलेपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नका, अगदी गोठ्यापासून अंगणापर्यंत आणायलाही नाही. ढकलून आणा.

एवढा आग्रह का, ते सांगतो. ऑइल कमी झालं की माणूस घाबरतो, वाढलं की निवांत राहतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं ऊस वाहतुकीच्या हंगामात असाच ट्रॅक्टर दोन आठवडे ओढला. रोज सकाळी काडी बघायचे, पातळी भरपूर दिसायची, मग गाडी कारखान्याच्या रस्त्याला. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवलं तेव्हा मेन बेअरिंगचा पांढरा थर निघून खालचं तांबं उघडं पडलं होतं आणि क्रँकवर नखाला लागतील अशा रेघा उठल्या होत्या. डिझेल मिसळलेलं ऑइल बोटांत धरून चोळलं तर पाण्यासारखं सुटतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळसा थर इंजिनाचा सगळा भार उचलतो, तो अशा ऑइलाला धरताच येत नाही.

दुसरा धोका याहून वाईट. पातळी फार वाढली की क्रँक त्या ऑइलात आपटायला लागतो, फेस होतो, आणि ते डिझेलमिश्रित ऑइल रिंगांवरून वर जाऊन जळायला लागतं. मग इंजिन स्वतःच रेस पकडतं. इंजिन बंद करायचा स्टॉपर ओढला तरी थांबत नाही, कारण त्याला पंपाच्या डिझेलची गरजच उरलेली नसते. असं कधी झालंच तर एअर क्लीनरचं तोंड लाकडी फळीनं दाबून हवा बंद करायची. हात किंवा चिंधी लावायची नाही. ती ओढ चिंधी आत घेऊन जाते.

आता एका फाटलेल्या पडद्यानं ऑइल कसं वाढतं आणि ट्रॅक्टरही कसा बंद पडतो, ते बघा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं काम सोपं होतं.

फीड पंपाची रचना साधी आहे. मधे रबर चढवलेल्या कापडाचा पडदा, त्याच्या मध्यावर एक दांडी, दांडीच्या टोकाला अडकलेला लिव्हर. लिव्हरचं दुसरं टोक इंजिनाच्या आत कॅमशाफ्टवर टेकलेलं असतं. कॅम फिरला की लिव्हर पडद्याला खाली ओढतो, वरच्या खोलीत डिझेल येतं. कॅम सुटला की पडद्याखालची स्प्रिंग पडदा वर ढकलते आणि डिझेल फिल्टरकडं जातं. येण्याच्या वाटेवर एक वाल्व, जाण्याच्या वाटेवर एक. पुढं डिझेलची गरज नसेल तर पडदा खालीच थांबतो आणि लिव्हर रिकामा हलत राहतो.

म्हणजे पडद्याच्या वर डिझेल आणि खाली थेट इंजिनाची पोकळी. मधे फक्त ते कापड. त्याला सुईएवढं भोक पडलं तरी वर ढकलण्याच्या वेळी डिझेल त्या भोकातून खाली इंजिनात उतरतं, आणि खाली ओढण्याच्या वेळी त्याच भोकातून इंजिनातली हवा डिझेलमध्ये शिरते. जाणारं डिझेल तुम्हाला काडीवर दिसतंय. येणारी हवा फिल्टरमध्ये, पंपात साठत जाते आणि नांगराचा भार पडून डिझेलची मागणी वाढली की इंजिनाचा श्वास तुटतो. म्हणून एअर काढली की थोडा वेळ बरं वाटतं.

शिवाय १०३५ ची टाकी बॉनेटखाली, फीड पंपापेक्षा उंचावर आहे. त्यामुळं कॉक उघडा राहिला तर ट्रॅक्टर रात्रभर उभा असतानाही डिझेल आपल्या वजनानं त्या भोकातून चेंबरमध्ये झिरपत राहतं. संध्याकाळी बंद करताना काडी बघितलेली आणि सकाळी बघितलेली पातळी वेगळी, असा अनुभव तुम्हाला आला असेल तर तो यामुळंच. कॉक आत्ता बंद करायला सांगितला तोही यासाठीच.

तरीही अंदाजावर पाना चालवायचा नसतो. फुकटातल्या तपासण्या आधी उरकून घ्या.

टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. ते चिखलानं बुजलं तर टाकीत ओढ तयार होते आणि ट्रॅक्टर अगदी तुमच्यासारखाच अर्ध्या तासात मरतो. भोकात तार घालून साफ करा. पुढं कधीही रानात बंद पडला तर पहिलं झाकण फिरवायचं. 'सुस्स' असा आवाज येऊन हवा आत गेली, तर दोष तिथंच. मग फीड पंपाकडं येणारा पाइप सोडा, खाली बाटली धरा आणि कॉक उघडा. करंगळीएवढी सलग धार यायला हवी. थेंबथेंब आलं तर टाकीतली जाळी, कॉक किंवा काचेच्या वाटीतली गाळणी तुंबलीय. वाटीच्या तळाला थेंबासारखं वेगळं दिसणारं पाणी आणि तांबूस गाळ असेल तर टाकी आतून गंजतेय, ती उतरवून खळखळून धुवावी लागेल.

ऑइलमध्ये डिझेलच आहे, पाणी नाही, हेही नक्की करा. पाण्यानं ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं आणि रेडिएटर उतरतो. तो लायनरच्या रबरांचा किंवा हेडच्या पॅकिंगचा रोग, त्याचा आजच्या विषयाशी संबंध नाही. डिझेल असेल तर रंग काळाच राहतो, फक्त अंगातला चिकटपणा गेलेला असतो. वर्तमानपत्राच्या कागदावर काडीचा एक थेंब सोडून तासाभरानं बघा. मधल्या काळ्या ठिपक्याच्या भोवती फिकट तेलकट कडं लांबवर पसरलेलं दिसलं की समजायचं.

डिझेल इंजिनात उतरायला फीड पंपाशिवाय आणखी एक मोठी वाट आहे. रोटरी पंपाच्या शाफ्टवरचं ऑइल सील गेलं तर पंपातलं डिझेल टायमिंगच्या बाजूनं चेंबरमध्ये येतं. तुमचे मिस्त्री पंपावर शंका घेतात ती यामुळं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. क्रमाचा तेवढा फरक आहे. मी स्वतः नवीन असताना याच लक्षणावर एका गिऱ्हाइकाचा पंप उतरवून बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या मशीनवर, पाठवला होता. चार दिवस ट्रॅक्टर उभा, ऐन पेरणीत. पंप सील बदलून आला, बसवला, आणि पाचव्या दिवशी काडी पुन्हा वर. त्यानंतर फीड पंप उघडला तेव्हा पडद्याला चीर दिसली. त्या माणसाचे पैसे आणि वाफसा दोन्ही माझ्यामुळं गेले. तेव्हापासून फीड पंप हातात घेऊन तपासल्याशिवाय मोठ्या पंपाला मी हात लावत नाही.

तर आता फीड पंप उतरवू. सुरुवात धुण्यापासून. पंप, त्याच्या आजूबाजूचं इंजिन, पाइपांचे जोड, सगळं डिझेल आणि ब्रशनं धुऊन फडक्यानं कोरडं करा. हे लोक टाळतात. रोटरी पंपाच्या आत एकमेकांवर घासणारे भाग इतके बारीक बसवलेले असतात की जोड सोडताना आत गेलेला मातीचा एक कणही त्यांना ओरखडा पाडतो. दोन-तीनशे रुपयांच्या कामात हजारांचा पंप खराब होतो तो असा.

पाइपाचे जोड सोडताना दोन पाने वापरा. एकानं पंपाकडचा भाग धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं जोर लावला की जुना पाइप नटाबरोबर पिळवटतो आणि मानेजवळ चिरतो. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, नंतर हवा घेत बसते. सोडलेल्या पाइपांची तोंडं स्वच्छ प्लॅस्टिकच्या तुकड्यानं बांधून ठेवा.

पंप इंजिनाला धरणारे नट मॉडेलप्रमाणे दोन किंवा चार असतात. सगळे थोडे थोडे ढिले करत जा, कारण आतला लिव्हर स्प्रिंगच्या जोरानं पंपाला बाहेर ढकलत असतो. जोर फार वाटला तर इंजिन हातानं थोडं फिरवून घ्या, कॅमचा उंचवटा बाजूला गेला की पंप सैल पडतो. बाहेर काढताना लिव्हर कॅमच्या कुठल्या बाजूला टेकला होता हे नीट बघून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढा. बसवताना तो तसाच टेकायला हवा. उलट बाजूला गेला आणि नट आवळले, तर लिव्हर मोडतो किंवा कॅमला लागतो.

पंप हातात आला की खरी परीक्षा. येणाऱ्या भोकावर बोट घट्ट दाबा आणि लिव्हर चार-पाच वेळा दाबून सोडा. बोटाला ओढ जाणवायला हवी आणि ती काही सेकंद टिकायला हवी. मग जाणाऱ्या भोकावर बोट ठेवून तेच करा, आतून बोट उचलू पाहणारा दाब लागला पाहिजे. शेवटी येणाऱ्या बाजूनं थोडं डिझेल ओता, जाणारं भोक बोटानं बंद करा आणि लिव्हर चालवा. लिव्हरच्या बाजूनं, म्हणजे जो भाग इंजिनात असतो तिकडून, डिझेल ओघळलं की निकाल लागला. तिकडून एकही थेंब आला नाही आणि ओढही चांगली टिकली, तर डायफ्राम निर्दोष आहे. मग तुमच्या मिस्त्रींचं खरं, रोटरी पंप बेंचवर न्या. शाफ्टचं सील घरी बदलायच्या भानगडीत पडू नका.

पडदा बदलायचा ठरलं की पंपाच्या दोन्ही अर्ध्या भागांवरून कानशीनं एक आडवी रेघ मारा. वरचा भाग गोल असल्यानं तो सहापैकी कुठल्याही भोकावर बसतो, पण पाइपांची तोंडं चुकीच्या दिशेला येतात आणि जोडायच्या वेळी पाइप वाकवावे लागतात. रेघ मारलेली असेल तर ती वेळच येत नाही.

सहा स्क्रू काढून वरचा भाग उचला. तो चिकटलेला असतो. फटीत पेचकस घालून उचकटू नका, लाकडी मुठीनं बाजूनं हलकं ठोका. पडदा मध्यावर दाबून पाव फेरा फिरवला की त्याची दांडी लिव्हरच्या दुव्यातून सुटते. पडदा, स्प्रिंग, दांडीवरचं छोटं सील आणि त्याच्या वाट्या ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं फडक्यावर मांडा.

जुना पडदा लगेच फेकू नका. पुसून उन्हाकडं धरा. मध्यावर जी पत्र्याची चकती असते, तिच्या कडेनं गोलाकार घडी पडलेली दिसेल. पडदा दिवसभर त्याच जागी वाकतो आणि सरळ होतो. भोक बहुधा त्या घडीवरच असतं आणि त्यातून उन्हाचा ठिपका तळहातावर पडतो. गिऱ्हाइकाला मी हा ठिपका मुद्दाम दाखवतो. रबर निघून आतल्या कापडाचे धागे उघडे पडले असतील तर पडदा वयानं गेलाय. रबर फुगून लिबलिबीत झालं असेल तर तो हलक्या प्रतीच्या रबराचा होता. मला एकदा एका दुकानातून ओरिजनल म्हणून मिळालेला डायफ्राम दोन महिन्यांत पापडासारखा फुगला होता. तेव्हापासून नवा पडदा घेताना मी तो बोटांवर घडी करून बघतो. घडी पडल्यावर पांढरी रेघ उमटली किंवा कडेचे धागे सुटलेले दिसले तर परत देतो.

किट आणायला जाताना जुना पंपच पिशवीत घालून न्या. या ट्रॅक्टरचं इंजिन चेन्नईच्या सिम्प्सनचं, मूळ घराणं इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या पर्किन्सचं. आपल्याकडं मॅसी बनवणारी टॅफे कंपनी १९६० सालची, आणि इतक्या वर्षांत फीड पंपाचे प्रकार बदलत आलेत. नुसतं "मॅसीचं किट द्या" म्हणालात तर दांडीची लांबी किंवा भोकांची जागा वेगळी असलेलं किट हातात पडायची शक्यता असते. दांडी आखूड असेल तर पडदा ताणला जातो आणि लवकर फाटतो.

पडदा बदलायच्या आधी लिव्हरकडंही बघा. कॅमवर टेकणारा त्याचा तळवा चमकून सपाट झालाय का, आणि ज्या पिनेवर लिव्हर डुलतो ती पिन डगडगते का. इथली झीज दिसायला अर्ध्या मिलिमीटरची असते, पण तिनं पडद्याची हालचालही कमी होते. लिव्हर झिजलेला असेल तर किटचा हट्ट सोडा आणि अख्खा नवा पंप घ्या. वाल्वचंही तेच. वाल्व पत्रा ठोकून बसवलेले असतात. किटमध्ये मिळाले आणि तुमचा हात बसलेला असेल तरच बदला, आणि बदलताना एक तोंड वर आणि एक तोंड खाली ही जुनी ठेवण मोडू देऊ नका. दोन्ही वाल्व दिसायला सारखेच असतात, फसायला होतं.

आता बसवण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवा पडदा दांडीनं दुव्यात घालून पाव फेरा फिरवा, भोकं जुळवा. लिव्हर दाबून पडदा खालच्या भागाच्या कडेशी सपाट आणा. वरचा भाग रेघेवर रेघ ठेवून बसवा आणि सहाही स्क्रू नुसते टेकेपर्यंत फिरवा, आवळू नका. मग लिव्हर शेवटपर्यंत दाबून तसाच धरून ठेवा, आणि समोरासमोरचे स्क्रू घेत सगळे आवळा. लिव्हर दाबलेला असताना पडदा जितका खाली जाऊ शकतो तितका जातो आणि त्याच अवस्थेत कडेला पकडला जातो. लिव्हर मोकळा ठेवून आवळलात, तर पडदा कडेला ताणून बसतो. प्रत्येक फेऱ्याला घडीवर ताण येतो आणि नवा पडदा हंगामभरही टिकत नाही. "दरवर्षी डायफ्राम जातो, मालच खराब येतो" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत मला आवळण्याचीच चूक सापडली आहे. याला दोन माणसं लागतात. एकानं लिव्हर धरायचा, दुसऱ्यानं पेचकस. पोराला हाताशी घ्या.

पंप इंजिनावर चढवण्याआधी मघाची बोटाची परीक्षा पुन्हा करा. पॅकिंग नवं लावा. जुन्याला सोल्युशन फासून भागवू नका, त्याचे तुकडे आत पडतात. पंप जागेवर धरला की हातानं दाबून तो स्प्रिंगसारखा लवला पाहिजे. अंतर फार राहत असेल तर नटांनी ओढून आणू नका, इंजिन थोडं फिरवा.

जोडांवरचे तांब्याचे वायसर नवे मिळाले तर उत्तमच. नसतील तर जुने तारेत ओवून गॅसवर लालबुंद करा आणि पाण्यात टाका. लोखंड असं केल्यानं कडक होतं, तांबं मऊ होतं. मऊ वायसर आवळल्यावर जोडाच्या अंगाप्रमाणे दबतो आणि हवा आत येऊ देत नाही. वर आलेला काळा थर बारीक पॉलिश पेपरवर घासून काढा. पेपर काचेवर ठेवून घासलात तर वायसर सपाट राहतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या जोडांवर जास्त लक्ष द्या. फीड पंपाच्या पुढं दाब असतो, तिथली गळती थेंबानं दिसते. अलीकडं ओढ असते, तिथला ढिला जोड चालू इंजिनात बाहेर गळेलच असं नाही, तो गुपचूप हवा घेतो.

आता ऑइल. जुनं पूर्ण काढा, फिल्टर बदला, चेंबरच्या बोल्टमधून शेवटचे थेंब पडेपर्यंत तासभर वाट बघा. ऑइल पंधरा दिवसांपूर्वीच टाकलंय म्हणून ते राखायचा मोह होतो. राखू नका. डिझेल गाळून वेगळं करता येत नाही. नवं ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं आणि काडीच्या वरच्या खुणेपर्यंतच.

मग एअर काढायची. स्टॉपर आत ढकललेला आणि ॲक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवा, कॉक उघडा. फीड पंपाच्या खालच्या हातलिव्हरनं पंप मारा. लिव्हर ढिला लागला, काहीच ओढत नाही असं वाटलं, तर कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या लिव्हरखाली आलाय. क्रँकला एक पूर्ण फेरा द्या, कॅम अर्धा फिरतो आणि हातलिव्हरला जोर येतो. हे ठाऊक नसल्यानं नवाकोरा पंप खराब समजून परत करणारे मी पाहिलेत.

आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पंप मारत असतानाच आवळा. मग रोटरी पंपाच्या अंगावरचा एअर स्क्रू, त्यानंतर पंपाच्या वरच्या झाकणावरचा. त्यानंतर पंपात येणाऱ्या पाइपाचा नट किंचित ढिला करून तिथलीही हवा काढा. शेवटी नोजलकडचे कुठलेही दोन नट एक-एक फेरा सोडा आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे सेल्फला थंड होऊ द्या. डिझेल उसळी मारत यायला लागलं की नट आवळा, इंजिन पकडेल. त्या वेळी नोजलच्या जोडाजवळ बोट किंवा तळहात नेऊ नका. तिथल्या बारीक फवाऱ्याला कातडी फोडून आत जाण्याइतका जोर असतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण डिझेल आतल्या आत पसरतं. असं झालंच तर घरगुती उपाय न करता तडक दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

इंजिन चाललं की पंधरा मिनिटं नुसतं चालवा, ऑइलचा दाब बघा, सगळ्या जोडांवर कोरडं फडकं फिरवून ओल येते का ते तपासा. मग सपाट जागी उभा करून बंद करा. अर्ध्या तासानं काडीवर पातळी बघून तिथं कानशीनं बारीक खूण करा. त्या रात्री कॉक मुद्दाम उघडा ठेवा. सकाळी चालू करायच्या आधी काडी काढा. पातळी खुणेवर असेल तर उभ्या ट्रॅक्टरची गळती थांबली. मग नांगराला लावून दोन तास काम करा, गार होऊ द्या, पुन्हा काडी. रात्रभर पातळी हलली नाही, पण कामानंतर वाढली, तर आता शंका रोटरी पंपाच्या शाफ्टच्या सीलवर घ्यायची, आणि तो बेंचवर न्यायचा. त्या वेळी पंपवाल्याला फीड पंप नवीन केलाय आणि काडीची पातळी कधी वाढते हे दोन्ही सांगा.

ज्यांच्याकडं इनलाइन पंप आहे, ज्याला आपल्याकडं सरसकट मायको पंप म्हणतात, त्यांनी हे वाचून इंजिनाच्या कुशीला फीड पंप शोधू नये. त्यांचा फीड पंप त्या मोठ्या पंपाच्याच अंगावर असतो आणि त्यात पडद्याऐवजी पिस्टन असतो. तिथं पिस्टनला ढकलणारी दांडी झिजली की डिझेल पंपाच्या कॅमच्या खोलीत उतरतं आणि रचना तशी असेल तर तिथून इंजिनात. लक्षण तेच, इलाज वेगळा.

तुमच्या नांगरटीचे दिवस आहेत हे मला कळतंय. सकाळी सातला धुवायला घेतलात, किट आदल्या दिवशी आणून ठेवलंत, तर दुपारच्या जेवणापर्यंत इंजिन चालू होईल. पण रात्रीची काडीची परीक्षा झाल्याशिवाय नांगर जोडू नका.